विंगेतला

वडगावात चारपर्यंत लाइट नव्हती, माग बंद.
आली ती थेट दुसऱ्या अंकात.
टीव्हीवर मुचंडीकर. किल्लेदार.
अंगरखा तोच; काखेतली उसवण मला ठाऊक.

सव्वीस वर्षं मी त्याला विंगेतून पाहिला:
एक कान, अर्धी मिशी, मानेवरचा घाम.
समोरून आजच.
एवढा म्हातारा कधी झाला हा?

दिवस मावळला की दरवाजा बंद, हुकूम त्याचाच.
बाहेर पोरगा थापा मारतोय.
हात कमरेच्या किल्ल्यांवर.
आणि आता वाक्य: "उजाडेपर्यंत इथं कुणी कुणाचा बाप नाही."

बोलेना.
कॅमेरा जवळ गेला. ओठ नुसते हलले.
गंगव्वा कांड्या भरायची थांबली.
मराठी तिला बाजारापुरतं,
"अय्यो शिवने," म्हणाली, "घे की रे पोराला आत."
नवरा तिचा म्हणाला, काय ॲक्टिंग!

विसरलाय. मला कळलं.
उजवी भुवई अशी चढली
की तो विंगेला कान देतो.
मी खुर्चीतून वाकलो,
हळूच, पहिले दोनच शब्द:
उजाडेपर्यंत इथं...

त्यानं घेतले.
घेऊन दरवाजाला पाठ लावत खाली बसला,
जो कधीच बसायचा नाही तिथं.

रेकॉर्डिंग गेल्या माघातलं, धारवाडचं.
मी तेव्हा मिरजेत, दवाखान्यात.
विंगेत उभं कोण होतं मग?

थापा थांबल्या.
नावांची पाटी सरकायला लागली,
रंगभूषा, कपडेपट,
आणि लाइट गेली.