नदीपलीकडचा हिशेब

वीजबिलाच्या पाकिटामागे व्हर्नने
मधोमध रेघ ओढली. ती कोलंबिया नदी.
अलीकडे ऑरेगॉन : पेन्शनवर कर, खरेदीवर नाही.
पलीकडे वॉशिंग्टन : पेन्शन अख्खी,
पण टोस्टरसुद्धा करासकट.
घरपट्टी, विमा, घरांचे भाव
बेरीज चारदा वेगळी आली.

तीस वर्षं तो पुलावरच्या केबिनीत,
बोट आली की रस्ता उचलायचा;
दोन्ही राज्यं तेवढी मिनिटं
ताटकळायची, इंजिनं बंद करून.

अर्डिस म्हणाली, "तिकडे राहू, बाजार इकडे करू,
सगळे तेच करतात."
मग चष्मा काढून :
"तिथल्या ओट्यापाशी उभं राहिलं
तर आपली ही खिडकी दिसेल, नाही?"

व्हर्नने रेघेवरून पेन्सिल पुन्हा फिरवली, जाड.
"दिसेल.
कुणी दिवा लावला तर."