उत्तरांची आठ पानं

एप्रिलचा तिसरा आठवडा. पंचेचाळीस पॉइंट दोन.
चौकातल्या होर्डिंगवर क्लासवाल्यांची पोरं हसून राहिलीत,
प्रत्येकाच्या हनुवटीखाली एक रँक.
मी स्कार्फ डोळ्यांपर्यंत ओढते
आणि सायकल इतवारीकडे वळवते.

क्लासच्या शीट बाहेर मिळत नाहीत.
झेरॉक्सवाला म्हणतो, शिक्का आहे ना ताई त्याच्यावर,
आपल्याले नको लफडं.
उन्नतीनं मोबाइलवर पाठवलेले जुने पेपर आहेत,
पण आमच्या फोनच्या काचेला तडा,
प्रत्येक आकृतीतून एक रेष जास्तीची जाते.
ती दोरी की तडा
हे ठरवण्यातच पुलीचं एक गणित गेलं.

हबीबभाईच्या रद्दीत पुस्तकं किलोवर.
काट्यावर भौतिकशास्त्र ठेवलं.
"वजन एक किलो चारशे."
वस्तुमान, मी मनात म्हटलं,
आणि अठ्ठावीस रुपये मोजले.

पहिल्या पानावर निळी शाई:
चं. ग. निपाने, बारावी ब, १९९७.
आत पेन्सिल. बारीक, वाकडी, चिडकी.
"इथं जी दहा घे, जीव वाचेल."
"हे सरांनाही नाही आलं."
घर्षणाच्या प्रकरणात कपाचा गोल डाग,
त्याच्या परिघावर त्यानं बाण काढलेत:
एक स्पर्शिकेवर, एक केंद्राकडे.
चहासुद्धा सोडला नाही पोट्ट्यानं.
मग प्रकरण नऊपासून पेन्सिल थांबते.
नापास झाला, हुशार झाला,
की लागला कुठं कामाला,
पुस्तक सांगत नाही.

आणि शेवटची आठ पानं नाहीत.
उत्तरांची.
फाटलेल्या कडेवर तेल.
दोन पॉइंट चार न्यूटन, शून्य पॉइंट सहा सेकंद, यांपैकी नाही,
यात बांधून कुणी कधीतरी चिवडा नेला असेल.

रात्री कूलरसमोर बसते.
कूलर आमचा नाही, दुरुस्तीला आलेला.
टेस्टिंग चालू आहे, असं बाबा गिऱ्हाइकाला सांगतात,
जून लागेपर्यंत.

प्रकरण नऊ, गणित सदतीस.
पंखा मिनिटाला नऊशे फेरे घेतो. वीज जाते.
टॉर्क दिलाय, इनर्शिया दिलाय.
थांबायला किती सेकंद?

बावीस.
पुन्हा केलं, बावीस.
पान उलटून केलं, जसं पहिल्यांदाच पाहतेय,
बावीस.
पण ताडू कशावर?

"बाबा, बटन बंद केलं की पंखा किती वेळानं थांबतो?"
पाना हातातच. मान वर नाही.
"हा? बावीस. नाहीतर तेवीस."
"मोजलं कधी?"
"रोजच मोजतो नं बाप्पा. बावीस म्हणतो, मंग हात घालतो."

पुस्तकातला पंखा हा नव्हे, हे मला कळतं.
त्याला पत्रा नाही, गंज नाही, त्याच्यात कुणी हात घालत नाही.
तरी मी पेन्सिल टेकवते.

बाबांच्या उजव्या तर्जनीचं वरचं पेर
मी पाहतेय तेव्हापासून अर्धं आहे.

"एकडाव," ते म्हणाले, "अठरालेच घातला होता."

अठराव्या सेकंदाला उरलेला वेग काढता येतो.
दोन ओळींचं काम.
मी काढला नाही.

समासात लिहिलं, निपानेपेक्षा जरा मोठ्या अक्षरात:
२२. घरी ताडलं.

गणित अडतीस उपग्रहाचं आहे.
"जमलं का वं?" बाबा विचारतात.
"हा थांबतच नाही," मी म्हणते.
"मंग त्याले हात नको लावू."

आणि दाराजवळच्या दुसऱ्या कूलरचं बटन बंद करतात.
पाती अजून दिसत नाहीत, नुसतं करडं वर्तुळ.
त्यांचे ओठ हलतात,
माझेही,
चार, पाच,