तेल संपले

रावपुऱ्यातल्या शाळेत, वरच्या मजल्यावर,
मराठीच्या तासाला पाच मुलं.
सहावा नीरव घोरपडे, तो हजेरीपुरता.
चार वाजता खाली शेव-उसळीची गाडी लागते
आणि निम्मी शोकांतिका
वासानंच उडून जाते.

तिसरा अंक. राणी गवाक्षात.
राजा येणार नाही, हे तिला सोडून सगळ्यांना ठाऊक.
दासी दिवा घेऊन येते,
म्हणते, ‘देवी, तेल संपले.’
आणि जाते.
अख्ख्या नाटकात तिचं एवढंच वाक्य.
तिला नावही नाही.

एकतीस वर्षं मी फळ्यावर लिहीत आले:
दिवा म्हणजे आशा.
तेल म्हणजे राणीचं आयुष्य.
दासी, गौण पात्र. खाली रेघ.
मुलं उतरवून घेतात,
रेघेसकट.

काल वाचायची पाळी हेतल मोहितेची.
घरी अर्धं गुजराती, जिन्यात हिंदी,
नितळ मराठी फक्त माझ्यासमोर, तीही अडखळत.
म्हणाली, ‘देवी, तेल खलास.’
पोरं फिदीफिदी हसली.
मी म्हटलं, पुस्तकात काय आहे ते वाच गं.

ती वाचेना. बोट ओळीवर तसंच.
‘बाई, एक पुछू? म्हणजे, विचारू?
तेल बघायचं काम कोणाचं होतं? हिचंच ना?
मग ही दुःखी कशी? ही तर घाबरलेली आहे.
माझी मम्मी सरकारी दवाखान्यात रात्रपाळी करते.
सलाईन संपली की तिनंच सांगायचं
आणि ओरडाही तिनंच खायचा.
ती असं गळा काढून नाही बोलत, सं-प-ले.
दारातूनच सांगते
आणि दुसरी बाटली आणायला पळते.’

मी पान पुन्हा पाहिलं.
कंसात, तिरप्या ठशात, दोन अक्षरं:
जाते.
दर वर्षी मी ती वाचताना आवाज खाली आणायचे,
जरा थांबायचे,
मागच्या बाकावरची एखादी मुलगी डोळे पुसायची.
आणि ती बिचारी
तेल आणायला गेली होती.

कोठार किती लांब होतं,
कोठीवाल्यानं किल्ली दिली का,
परत आली तेव्हा पडदा पडलेला होता का,
नाटककारानं लिहिलेलं नाही.
त्याला राणीचं मरण वेळेवर हवं होतं.

तास संपल्याची घंटा झाली. मी हेतलला सांगितलं,
परीक्षेत मात्र आशेचं प्रतीक असंच लिही,
चार गुणांचा प्रश्न आहे, तपासणारी मी नसेन.
‘आणि तेल?’
मला उत्तर सुचलं नाही. नीरव घोरपडे,
जो कधी बोलत नाही, म्हणाला,
‘ते पुरवणीत लिही.’

सगळे गेल्यावर माझ्या प्रतीत
‘जाते’च्या पुढे मी ‘कुठे?’ असं लिहिलं.
पेन्सिलीनं.
पुस्तक शाळेचं आहे.