सहा नंबर

जॉबकार्डाच्या पाठीमागं मी नावं लिहितो.
उद्यमनगरात जेवणाची सुट्टी, लेथ गप्प,
आणि तेलाचा डाग पडलाय नेमका
सहा नंबर लिहायचा तिथं.

दिवाळीपर्यंत तिथं दिगू होता.
आता तो पलीकडच्या पेठेकडून खेळतो.
मोटारसायकल मिळाली म्हणतात,
आईच्या गुडघ्याचं ऑपरेशनही झालं.
मग त्याला काय बोलायचं?
त्याच्यामागं तिघं गेले.
लागोसचा सॅम्युअल व्हिसा संपला म्हणून गेला,
अर्धा डबा कांदा-लसूण चटणी खोलीतच ठेवून.
आणि हॉटेलवाल्यानं स्वतः शिडी लावून
बॅनरवरचं आपलं नाव कापून नेलं.

पाच सामने, एक गुण.
कट्ट्यावरची मंडळी माझ्याकडं न बघता
तंबाखू मळत बसतात.

मग बारक्यांची वही उघडली.

तालमीत आता कुस्ती नाही.
हौद्यात जाळ्या, हवा गेलेले बॉल,
तांबड्या मातीवर पंधरा जोड बूट,
सगळे आधी कुणीतरी वापरलेले.
तरी आत येताना पोरं माती कपाळाला लावतात.
कुणी शिकवलं कोण जाणे, मी तर नाही.
मला वस्ताद म्हणतात,
माझे कान बघा, दोन्ही सरळ.

लोक म्हणतात, पोरांना संधी दिलीस, भले!
खोटं आहे ते.
मला टेकायला काहीतरी हवं होतं
आणि जवळ एवढेच खांदे होते,
दप्तराच्या पट्ट्यांचे वळ न गेलेले.

रविवारी शाहू स्टेडियम.
दगडी पायऱ्यांवरून हाळी आली,
"आरं, अंगणवाडी आणलीया!"
अख्खी गॅलरी हसली.
आमच्या बाजूचेही दोघं-चौघं हसले, मी पाहिलं.

तौफिक बागवान. सहा नंबर.
बाप लक्ष्मीपुरीत केळी विकतो.
जर्सी दिगूचीच, मांडीपर्यंत आलेली.
त्याचा आवाज अजून फुटतोय,
"सोड!" म्हणून ओरडला
की अर्धा शब्द बापाचा निघतो, अर्धा आईचा.

एकतिसाव्या मिनिटाला दिगू समोर आला.
डाव्या खांद्याची हूल, बॉल उजवीकडं.
गांधी मैदानाच्या धुरळ्यात
सहा महिने घासून घेतली होती मी ती हूल.
माझेच डोळे डावीकडं गेले.
तौफिक हलला नाही.
तीन वर्षं गोलमागं बॉल आणून द्यायला उभा होता,
दिगूचा खांदा किती खोटं बोलतो
हे त्याच्याइतकं कुणी बघितलेलं नाही.
बॉल घेतला, मान वर केली, दिला.
बस.
पायऱ्यांवर कुणी टाळी वाजवली नाही,
फक्त ते हसणं थांबलं.

सामना हरलो. एक-शून्य.
शेवटी शेवटी कॉर्नरवर आमचा गोलकीपर
दोन पावलं पुढं आला आणि मधेच थांबला.
सोळा वर्षांचं पोर, थांबणारच.
त्याला पुढं ये म्हणून मीच ओरडलो होतो.

शिट्टी झाल्यावर दिगू आला,
तौफिकचा सुटलेला शिनगार्ड वाकून घट्ट केला
आणि माझ्याकडं न बघता गेला.
मीही हाक मारली नाही.
मारायला हवी होती.

रात्री पोराला घरी सोडायला निघालो.
बिंदू चौकात गाडी थांबली तसं लक्षात आलं,
पाठीमागून काहीतरी पुटपुटतोय.
उद्या दहावीचा बीजगणिताचा पेपर.
"उणे बी, अधिक-उणे, वर्गमूळात बी वर्ग..."
मला हे कुणी सांगितलंच नव्हतं.
का मी विचारलंच नव्हतं?

"...उणे चार ए सी, भागिले..."
अडला.
"भागिले काय, वस्ताद?"

मी गणितात दोनदा नापास.
पायाखाली गिअर शोधला.
म्हटलं, पहिल्यापासून म्हण,
मी गाडी हळू मारतो.