उतार

फोंडू कोळंबकर तळाशीलहून आला होता अंगठ्यासाठी.
सुरमईचा गळ आत घुसून मोडलेला.
पट्टी झाल्यावर, सवयीनं,
मी त्याच्या दंडाला कफ गुंडाळला
आणि पारा उभाच राहिला
दोनशे तीसवर.

पुन्हा पाहिलं. दुसऱ्या हाताचंही. तेच.
डोकं दुखतं? छातीत? नजर अंधुक?
दोन्ही हात वर कर. हास बघू.
तो हसला, तंबाखूचे दात दाखवत:
“माका काय्येक होना नाय.”

दारातला भाचा मात्र पांढराफटक.
“डॉक्टर, सुई मारा. आत्ताच्या आत्ता उतरवा.”

केंद्राच्या कपाटात माझ्या आधीच्यांची
एक डबी आहे, मुदत संपलेल्या मऊ कॅप्सूलची.
टाचणीनं भोक पाडायचं, जिभेखाली पिळायचं,
पारा दगडासारखा खाली.
जयवंत मयेकरांचा तसाच उतरला होता.
ते उठून पायरीपर्यंत गेले, आणि
अर्धं तोंड, एक हात
त्या पायरीवरच राहून गेले.

मी एक पांढरी गोळी दिली. पाच मिलिग्रॅम.
पाणी दिलं. बाकावर बस म्हटलं.
“ह्या एवढ्याशान?”
एवढ्यानंच. आज थोडा, उद्या थोडा.
वर्षानुवर्षं चढलेलं
तासाभरात नाही उतरवायचं.

वाटलं, वाद घालेल.
पण तो खिडकीतून बाहेर बघत राहिला,
जिथे वाळूच्या दांड्यावर लाटा फुटत होत्या,
आणि भाच्याला म्हणाला,
“खाडयेच्या तोंडार घाय केल्यान तो बुडलो.
लाटो मोजूच्यो, गप रवाचा.”

दोन तासांनी दोनशे आठ.
“इतकाच?” भाचा.
इतकाच, मी. उद्या ये.

पुढच्या बुधवारी
चंचीतली पट्टी जवळजवळ भरलेली,
दोनच घरं फुटलेली.
“दुखात नाय तर खावची कित्याक?”
उत्तर होतं माझ्याकडे, छापील, भिंतीवर टांगलेलं.
ते दिलं नाही. विचारलं,
दर्यात रोज न चुकता काय बघतोस?
“बत्ती.”

खारा बांगडा अजून सुटलेला नाही.
ते भांडण पुढच्या बुधवारी.

हल्ली मीही बघतो.
संध्याकाळी केंद्राला कुलूप घालताना
दूर खडकावर ती पहिल्यांदा लुकलुकते,
आणि वीस वाव पाण्यावर कुठंतरी
एक माणूस जाळ्यावरचा हात काढून
चंची उघडतो.
उघडतोस ना, फोंडू?