वेढे

पहिले चार महिने फडतरेमामांनी
मला तार गुंडाळू दिली नाही.
फक्त सोडवायची.

पाणीगेटचं ते दुकान. शटर अर्धंच वर जायचं,
त्यामुळे उंच गिऱ्हाईक
आपोआप वाकून आत यायचं.
मी जळालेल्या मोटरींच्या पोटातून
काळी पडलेली तार ओढायचे,
एकेक वेढा मोजत, वहीत टिपत.
बोटांना जळक्या वार्निशचा वास.
घरी आई म्हणायची, आधी हात धू.
धुतलेलेच असायचे.

"जळालेलं वाचता आलं पाहिजे," मामा म्हणायचे.
"नवं काय, कुणीही गुंडाळतं."

अट एकच:
मोजताना हाक आली तर ओ द्यायची नाही.
गिऱ्हाइकाला नाही, पोलिसाला नाही,
"आणि मला तर मुळीच नाही."
मग मुद्दाम हाका मारायचे.
शैला, चहा निवला.
शैला, पाल!
मी फसायचे. पुन्हा एकपासून.

मालाचा भाव ते गुजरातीत करायचे,
भांडण हिंदीत.
आकडे मात्र मराठीत.
एकोणपन्नासला जरा थांबायचे,
पुढे उंबरठा असल्यासारखे.

मांडवीमागच्या गिरणीची मोटर मी एकटीने भरली.
छप्पन्नच्या जागी चोपन्न वेढे, एका कॉइलला.
तिसऱ्या दिवशी गिरणीवाला
ती हातगाडीवर घालून परत घेऊन आला,
स्वतः पिठाने पांढरा, मोटर काळी.
मामांनी त्याला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं.
तांबं स्वतःच्या पैशाचं आणलं.
मला म्हणाले, सोडव.
रात्री दहापर्यंत मी माझीच चूक मोजत बसले.
चोपन्न. पुन्हा मोजली. चोपन्नच.

बारा वर्षांनी त्यांचे हात थरथरायला लागले,
बारीक तार खाचेत बसेना,
तेव्हा वही माझ्याकडे आली.
त्या पानावर त्यांच्या तिरक्या अक्षरात:
जळण्याचं कारण – व्होल्टेज.

त्या आठवड्यात मांडवीत
व्होल्टेजला काहीही झालं नव्हतं.
मला ठाऊक, त्यांना ठाऊक,
बहुधा गिरणीवाल्यालाही.
मला राग आला,
उपकाराचा येतो तसा.
मग किती तरी दिवस ते पान
मी कारण नसताना उघडत राहिले.

आता माझ्याकडे तेजल राठवा आहे,
छोटाउदेपूरकडची. एसटीने येते,
डबा उघडते तेव्हा दुकानभर लसूण.
दिवाळीच्या तोंडावर तिने एक पंप जाळला.
मी वही काढली. "कारण"पुढे
व्हो लिहिलं,
आणि थांबले.
खोडलं.
खाचेतला कागद एका टोकाला दुमडला होता.
भरण्याआधी तो पाहणं माझं काम होतं,
आणि मी फोनवर होते.
लिहिलं: शिकवणारीने कागद तपासला नाही.

तिने खांद्यावरून वाचलं.
काही बोलली नाही.
दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा
शटर अर्धं वर होतं,
आणि पंप सोडवायला घेतलेला.

मामा तरसाळीला मुलाकडे असतात.
फोनवर तब्येत विचारू देत नाहीत.
"पोरगी मोजते कशी?" एवढंच.
मी म्हणते, चुकते.
"मग ठीक आहे," म्हणतात, आणि ठेवतात.

आज दुपारी चहा आला.
तेजल, म्हटलं, चहा.
तिचे ओठ हलत होते:
बेंतालीस, तेंतालीस, चुम्मालीस.
तेजल, पाल!
मान वर झाली नाही.
पिस्तालीस.

तारेला भाषा कळत नाही. ताण कळतो.

चहावर साय धरत होती.
मी त्यावर बशी झाकली
आणि दाराशी आलेल्या माणसाला
बोटानेच सांगितलं, थांबा.