शिल्लक

तुर्काना सरोवराच्या पश्चिम काठावर
आमच्या मासेमार संस्थेची वही मी लिहिते.
जमा, खर्च, शिल्लक. निळी शाई.
चौथा रकाना मी माझ्या हाताने आखला:
ऊन.

उन्हाची जमा सहसा चुकत नाही.
विषुववृत्ताजवळच्या सूर्याला रेंगाळायची सवय नाही,
वेळेवर येतो, वेळेवर पाण्यात दगडासारखा पडतो.
भर दुपारी पत्र्यावरच्या चोवीस पाट्या
इतकी वीज देतात की काय करू न् काय नको.
दोन्ही फ्रीजर घरघरतात,
लोमुरिया कोणी ऐकत नसताना रेडिओ लावतो,
पोरं भरलेले फोन पुन्हा भरतात.
आणि तरी उरतं.
उरतं म्हणजे उरत नाही, तेच तर सांगतेय.
तारेत शिरण्याआधीच पाटीवर तापून विझतं.
तिथे हात ठेवा, चटका बसेल.
ती आमची न विकलेली दुपार.

मासळी दुपारी येत नाही.
वारा पडला की होड्या सुटतात,
इवोईची परतते रात्री दोनला,
तळाशी तडफडणारा टिलापिया, वर एखादा नाईल पर्च
माणसाच्या मांडीएवढा.
तेव्हा माझ्या चौथ्या रकान्यात पूज्य.

बॅटऱ्या होत्या की. आठ.
पाट्यांबरोबर आल्या, फोटो निघाले.
वर्षाच्या आत तीन पावासारख्या फुगल्या,
बाकीच्यांनी एकेक करून मान टाकली.
आता त्यांच्यावर बसून आम्ही जाळी विणतो.

सकाळी कितालेचा वान्यामा माशावर अंगठा दाबतो.
खड्डा भरून आला तर एक भाव,
तसाच राहिला तर दुसरा.
तो दुसरा भाव लिहून लिहून
माझ्या पेनाला पाठ झालाय.

आकाई म्हातारी पाट्या बघायला आली होती,
जन्म उंटांमागे गेलेला.
सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाली,
दुभती सांडणी आणलीत आणि चरवी विसरलात?
धार काय वाळूत काढता?
आम्ही हसलो. ती हसली नाही.

मग बायकांनी ताडपात्यांच्या टोपल्या विणल्या, एकशे चाळीस,
आणि लोडवारहून ट्रकमधून चार नव्या बॅटऱ्या आल्या,
बाळंतिणीसारख्या गोधडीत गुंडाळून.
आठ हव्या होत्या. टोपल्या चारच्याच झाल्या.
भिंतीवर एक छोटा पडदा, त्यावर आकडा.

आज दिवेलागणीला तो आकडा होता सत्त्याण्णव.
मी शिल्लकेत लिहिला, दोनदा गिरवला.
सूर्य गेला, आणि फ्रीजर घरघरतच राहिला.
अंधारात ती घरघर ऐकत
लोमुरिया उगाच दोनदा दार उघडून बर्फ बघून आला.
मी ओरडले, दार उघडलं की आकडा उतरतो रे!

दहाला एकसष्ट.
दोनला चौतीस. होडी नाही.
तीनला पंचवीस. वारा उठलाय.
काठावरच्या खांबाचा दिवाही याच आकड्यावर जळतो,
तो दिसला तरच इवोईला वाट सापडते.
फ्रीजर बंद करावा तर बर्फ जाईल,
दिवा बंद करावा तर…
ते वाक्य मी पुरं करत नाही.

पंखा बंद केला. रेडिओ कधीचाच गप्प आहे.
एकोणीस.
दिवसभर वाया घालवलेलं सगळं ऊन
आता मला मुठीमुठीने आठवतंय,
रिकाम्या फोनांसाठी, रिकाम्या गाण्यांसाठी सांडलेलं.

उजाडायला अजून दोन तास.
राहिला माझ्या डोक्यावरचा हा बल्ब,
ज्याच्या उजेडात मी हे लिहितेय.
तोही बंद करते.

पुढची नोंद अंधारात केली आहे.
आकडे ओळीवरून घसरले असतील,
हिशेब तपासणाऱ्याने सांभाळून घ्यावं:
बर्फ, आहे.
दिवा, चालू.
लांब कुठेतरी वल्ह्याचा आवाज,
किंवा वारा.